सर्वोपयोगी उडाली

वादळाने आमचं जे नुकसान केलं त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. वादळ म्हटलं की नुकसान आलंच. माझी तक्रार आहे ती त्याने जे करायचं सोडलं त्याबद्दल. एवढं मोठं चक्रीवादळ, समुद्रावरून इतक्या लांब आलं, विजेचे खांब वाकवले, समोरच्या काकूंच्या छपराचे पत्रे पत्त्यांसारखे पिसले, आमचं लिंबाचं झाड मुळासकट आडवं केलं. व्हरांड्यातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, चपलांची मांडणी, कपडे वाळत घालायची दांडी, सगळं उचलून नेलं. आणि त्याच व्हरांड्यात, त्याच कोपऱ्यात, सर्वोपयोगी जशीच्या तशी उभी. जागची हललीसुद्धा नव्हती. तिच्यावर एक पान येऊन पडलं होतं, तेही कोणी शोभेला ठेवावं तसं.

सर्वोपयोगी म्हणजे काय ते सांगायला हवं. ती एक खुर्ची आहे. पाठ मागे दुमडली की तिचं टेबल होतं, टेबल उलटं करून ताणलं की शिडी होते, आणि शिडी आडवी पसरली की, बनवणाऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे, तिच्यावर एका माणसाला झोपता येतं. तो माणूस अजून जन्माला यायचा आहे. वजन असं, की उचलायला दोघं लागतात आणि ठेवल्यावर दोघांनाही बसावंसं वाटतं. पण तिच्यावर बसायची सोय नाही, कारण ती चिमटे काढते. कुठे काढते ते सभ्य माणसाला लिहिता येणार नाही. एकदा विम्याचे एक प्रतिनिधी तिच्यावर बसले आणि अर्ध्या तासाने उठायला गेले तर सर्वोपयोगी त्यांना सोडेना. सुटल्यावर ते विम्याबद्दल एक अक्षर न बोलता निघून गेले. आमच्या घरात तिचा झालेला हा एकमेव उपयोग.

ती केली माझ्या मेव्हण्यांनी, म्हणजे बायकोच्या थोरल्या भावाने. त्यांना सगळे दादा म्हणतात, मीही म्हणतो. जन्मभर टपाल कचेरीत शिक्के मारून झाल्यावर दादांनी हौसेने सुतारकाम शिकून घेतलं आणि पहिली मोठी वस्तू केली ती आम्हाला दिली. दादा माणूस लाखात एक. वहिनी गेल्यापासून एकटे राहतात. 'आमच्याकडे राहायला ये' म्हणून बायको दर रविवारी फोनवर त्यांच्या विनवण्या करते आणि दादा दर रविवारी नवं कारण काढतात. कधी गुडघा, कधी पाण्याची वेळ, कधी शेजाऱ्यांचं मांजर त्यांच्याशिवाय जेवत नाही. फोन ठेवला की ती उगाचच भांडी लावायला लागते. अशा वेळी स्वयंपाकघरात जाऊ नये, हे मला अनुभवाने कळलेलं आहे.

तर वादळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी खराटा घेऊन अंगणात उभा होतो. अंगण म्हणजे काय, सगळ्या गल्लीचं प्रदर्शन. कोणाचा तरी दरवाजा होता, शिंप्याच्या दुकानाची पाटी होती, एक बादली होती आणि कोणाची ते विचारू नये अशी एक चड्डी होती. पायात लिंबाचा काटा नुकताच मोडला होता. तेवढ्यात दादांचा फोन आला.

"सगळे सुखरूप ना, भाऊजी?"

"सुखरूप आहोत, दादा."

"आणि सर्वोपयोगी?"

मी सवयीने खोटं बोलणारा माणूस नाही. कचेरीत उशीर झाला तर मी खरं कारण सांगतो आणि बोलणी खातो. पण पायात काटा, समोर सर्वोपयोगी, तिच्यावर ते पान. माझ्या तोंडून शब्द निघून गेले.

"दादा, ती उडाली."



"उडाली?"

"हो."

"अख्खी?"

"अख्खी."

पलीकडे शांतता. मग दादा कसल्याशा घोगऱ्या आवाजात म्हणाले, "बरं. रविवारी येतो मी." आणि फोन बंद झाला.

मी वळलो तर दारात बायको, हातात पोछा.

"काय उडालं?"

मी कोपऱ्याकडे बोट केलं. तिने सर्वोपयोगीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पोछा खाली ठेवला. ती पोछा खाली ठेवते तेव्हा प्रकरण गंभीर असतं.

"मी त्याला बोलावून बोलावून थकले तेव्हा आला नाही, आणि आता हिच्या समाचाराला येतोय," ती म्हणाली. "त्याच्या हातची वस्तू आहे ती. तो इथे आला आणि ही त्याला इथे दिसली, की आपल्याला ती नकोशी होती हे त्याला कळणार. मग तो पुन्हा या घरात पाऊल टाकेल असं वाटतं का तुम्हाला?"

"अगं, पण तूच म्हणाली होतीस की तिच्यामुळे व्हरांड्यात..."

"मी काय म्हणाले होते ते राहू द्या. मी माझ्या भावाशी खोटं बोलणार नाही. त्याने विचारलं नाही तर सांगणारही नाही. तुम्ही उडवलीत ना? मग आता खरोखर उडवा."

अशा रीतीने आमच्या घरच्या साफसफाईला दिशा मिळाली.

दुपारी नगरपालिकेची कर्ण्याची गाडी फिरली. घरातला आणि अंगणातला वादळी कचरा फाटकाबाहेर ठेवावा. फांद्यांचा ढीग वेगळा, लाकूडसामानाचा वेगळा, पत्र्याचा वेगळा, उरलेल्याचा वेगळा. विजेच्या तारेखाली ठेवू नये. पाण्याच्या नळावर ठेवू नये. पिशव्यांत भरू नये. ढीग उचलणारी पंजाची गाडी एकदाच येईल. एवढं सांगून कर्णा म्हणाला, नागरिकांनी घाबरू नये.

मी घाबरलो नाही. उलट हुरूप आला. माझे ढीग पाहण्यासारखे झाले, हे मी स्वतः सांगतो, कारण दुसऱ्या कोणी सांगितलं नाही. भिजलेल्या गाद्या, फुगलेली कपाटाची दारं, कौलांचे तुकडे, सगळं जिथल्या तिथे. फक्त लाकूडसामानाच्या ढिगात, अगदी तळाशी, सर्वोपयोगी होती. ती मी एकट्याने ढकलत नेली. कंबर त्या दिवसापासून वेगळं बिऱ्हाड करून राहते आहे. वरून मी लिंबाच्या फांद्या पसरल्या आणि हात झटकले.

तेवढ्यात हवामानखातं आलं.

हवामानखातं म्हणजे गल्लीच्या पार टोकाच्या घरात राहणारे एक निवृत्त गृहस्थ. टोकाला का, तर तिथे वारा थेट कळतो. गच्चीवर त्यांनी काहीतरी फिरणारं लावलं होतं, ते वादळात सगळ्यात आधी गेलं. आदल्या दिवशी त्यांनी सगळ्यांना, 'आकाश निरभ्र राहील, वाळवण घाला' असं सांगितलं होतं. तरी त्यांचा सल्ला सगळे ऐकतात, कारण ऐकल्याशिवाय ते जात नाहीत.

"हे काय केलंत?" ते म्हणाले. "लाकडाच्या ढिगावर फांद्या? गाडीवाला हात लावणार नाही. आणि फांद्यांची जाड बाजू नेहमी रस्त्याकडे असावी. पंजाला पकड मिळते."

"राहू द्या हो, मी करतो नंतर."

"नंतर कशाला? मी आहे ना."

चोराच्या मनात चांदणं. मी त्यांना चहाला बोलावलं, लिंबाचे काटे विषारी असतात म्हणालो, त्यांच्या घराकडे बोट दाखवून 'तिकडे धूर दिसतोय' असंही म्हणून पाहिलं. पण हवामानखातं कामाला लागलं की थांबत नाही. एकेक फांदी जाड बाजू रस्त्याकडे करत ते तळाशी पोचले.

"अरेच्चा," ते म्हणाले. "ही तर तुमची ती चांगली खुर्ची. चुकून गेली बघा ढिगात. मी आलो म्हणून, नाहीतर गेली होती."

त्यांनी जाणाऱ्या दूधवाल्याला हाक मारली आणि दोघांनी मिळून ती वाजतगाजत व्हरांड्यात, त्याच कोपऱ्यात आणून ठेवली. मला त्यांचे आभार मानावे लागले. बायकोने त्यांना चहा दिला. कप खाली ठेवताना तिचे खांदे हलत होते, पण मी तिकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी पंजाची गाडी आली. मी तत्पूर्वी सर्वोपयोगी पुन्हा बाहेर काढून ठेवली होती, या वेळी उघड्यावर, कारण लपवलेलं सापडतं. गाडीबरोबर मुकादम होता. त्याने फांद्या घेतल्या, गाद्या घेतल्या, कपाटाची दारं घेतली आणि सर्वोपयोगीपाशी थांबला.

"ही नाही चालत."

"का?"

"वादळात मोडलेलंच उचलायचा हुकूम आहे साहेब. लोक घरातलं जुनं सामान काढून ठेवायला लागलेत. हिला काय झालंय?"

मी सर्वोपयोगीकडे पाहिलं. तिला खरंच काही झालं नव्हतं.

"आतून मोडलीय," मी म्हणालो.

मुकादमाने तिच्यावर चढून दोन उड्या मारल्या. ती करकरलीसुद्धा नाही. "असली बळकट वस्तू मी उचलली तर माझ्यावर येईल," तो म्हणाला. "मोडून ठेवा, उद्या शेजारच्या गल्लीत आहे गाडी, येता येता उचलतो. मोडलेली पाहिजे पण."

मी मध्यमवर्गीय माणूस आहे. आमच्यात वस्तू आपोआप मोडते, ती कोणी मोडत नाही. पण रविवार जवळ येत होता. मी माळ्यावरून कुऱ्हाड काढली, इकडे तिकडे पाहिलं आणि सर्वोपयोगीच्या पाठीवर पहिला घाव घातला. कुऱ्हाडीचा दांडा तुटला. पातं उडून काकूंच्या फाटकावर खण्णकन वाजलं. आणि त्या दणक्याने सर्वोपयोगीची कुठलीशी कळ सुटली, माझ्या डोळ्यांदेखत खुर्चीचं टेबल झालं, टेबलाची शिडी झाली आणि माझी धोतरासारखी घोळदार झालेली पायजम्याची बाजू तिच्या दोन पायऱ्यांत अडकली.

काकू धावत आल्या. समोरच्या काकूंचं काळीज मोठं आहे आणि आवाज त्याहून मोठा. हातात तुटका दांडा, पायजमा शिडीत, घामाघूम मी, त्यांनी पाहिलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा हळू आवाजात म्हणाल्या, "असं होतं हो. इतकं नुकसान झालं की माणूस वस्तूंवर राग काढतो. बसा तुम्ही. पाणी देऊ का?"

पुढची दहा घरं माझ्याकडे कणवेने बघत होती. माझ्या आयुष्यात मला इतकी सहानुभूती यापूर्वी फक्त पदोन्नती हुकली तेव्हा मिळाली होती. काकूंनी माझा पायजमा सोडवला, दांडा काढून घेतला आणि मग त्यांची नजर शिडीवर गेली.

"ही शिडी आहे?"

"म्हटलं तर आहे."

"अहो, मग बोलायचं नाही का? माझ्या छपरावर फांदी अडकलीय परवापासून. गल्लीत एक शिडी शिल्लक नाही. सगळ्यांच्या त्या हलक्या, चकाकणाऱ्या, गेल्या उडून."

मला दगडाखालून हात निघाल्यासारखं वाटलं. "न्या ना काकू. ठेवूनच घ्या. तुमचीच समजा."

"छे हो. दुसऱ्याची वस्तू मी एक रात्र ठेवायची नाही."

संध्याकाळी सर्वोपयोगी परत आली, पुसून, तेल लावून. सकाळी शिंपी आला आणि पाटी लावायला घेऊन गेला, दुपारी परत. मग तिची वर्दळ सुरू झाली. कोणी तिच्यावरून पत्रे चढवले, कोणी तिचं टेबल करून त्यावर फांद्या कापल्या, एका घरात तर तिच्यावरून चिखलाने भरलेली सतरंजी स्ट्रेचरसारखी वाहून नेली. आणि प्रत्येक जण ती परत आणून देताना जातिवंत प्रामाणिकपणाने म्हणायचा, 'बघून घ्या, काही खरचटलं नाही ना?' इतकी प्रामाणिक गल्ली मी पाहिलेली नाही. एखादा तरी चोर असायला हवा होता.

रविवारी मी डोकं चालवलं. हवामानखात्याला गच्चीवरचं फिरणारं पुन्हा बसवायचं होतं. मी स्वतः सकाळी सर्वोपयोगी त्यांच्याकडे ढकलत नेली. दादा येणार मोठ्या रस्त्याने, आमचं घर त्या बाजूला. हवामानखातं गल्लीच्या दुसऱ्या टोकाला. दादा जेवून, भाचीचे, म्हणजे आमच्या मुलीचे, फोटो बघून संध्याकाळच्या गाडीने परत जातील, त्यांना पत्ता लागायचा नाही. अंगण लखलखीत झाडलेलं होतं. मी पहिल्यांदाच व्हरांड्यातल्या रिकाम्या कोपऱ्यात पाय पसरून बसलो.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. मोठ्या रस्त्यावर पंजाची गाडी काम करत होती आणि रस्ता बंद होता. दादांच्या रिक्षाने वळसा घातला आणि ती गल्लीच्या दुसऱ्या टोकाने आली.

मला काकूंचा आवाज ऐकू आला, "अहो, तुमचे मेव्हणे तिकडे उभे आहेत." मी चपला न घालता धावलो. दादा सर्वोपयोगीच्या खाली उभे होते, खांद्याला कॅनव्हासची जड पिशवी, एक हात शिडीच्या बिजागरीवर. वर हवामानखातं.

"तुम्ही केलीत ही?" हवामानखातं वरून म्हणत होतं. "काय वस्तू आहे. आख्ख्या गल्लीच्या शिड्या गेल्या, पण ही? वादळभर जागची हलली नाही."

दादांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी अजून एखादं वादळ आलं असतं तर मी त्याच्याबरोबर गेलो असतो.

"भाऊजी," दादा म्हणाले, "उडाली नव्हती ना?"

"नाही," मी म्हणालो.

आम्ही घराकडे चालू लागलो. त्यांच्या पिशवीत काहीतरी लोखंडी खणखणत होतं. बायको फाटकात उभी होती. आमची तोंडं पाहून तिला सगळं कळलं. तिने भावाचा हात धरला, तो सोडलाच नाही. मला माझी इतकी लाज वाटली, की मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. ढीग, मुकादम, कुऱ्हाड, सगळं. "दादा, तुम्ही मनापासून केलेली वस्तू, आणि मी असा वागलो," असंही म्हणालो.

दादा व्हरांड्याच्या पायरीवर बसले.

"चिमटते ना?" त्यांनी विचारलं.

मी बायकोकडे पाहिलं. तिने डोळ्यांनी 'सांगा' म्हटलं.

"चिमटते."

"डाव्या बाजूला?"

"दोन्ही बाजूंना."

"मला माहीत आहे," दादा म्हणाले. "बिजागरी उलटी बसली माझ्याकडून. इथे आणून ठेवली तेव्हाच लक्षात आलं होतं. पण तुम्ही बसलात आणि म्हणालात, 'वा दादा.' हीपण म्हणाली, 'वा दादा.' आता इतक्या वा वा नंतर माणसाने कुठल्या तोंडाने सांगायचं? पुढे मी दर वेळी आलो की तुम्ही मला मानाने त्याच खुर्चीवर बसवायचात. मी चिमटे खात हसत बसायचो. परत जाताना वाटायचं, आपण एक वस्तू केली, तीही अशी, आणि ती या बिचाऱ्यांच्या गळ्यात. मग यावंसंच वाटेना."

"म्हणून?" बायको म्हणाली. "म्हणून तू येत नव्हतास? आणि गुडघा?"

"गुडघ्याला काय धाड भरलीय."

"आणि मांजर?"

"मांजर कधीच गेलं. शेजाऱ्यांच्या बदलीबरोबर."

बायको हसायला लागली आणि हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला. दादाही हसले. "फोनवर उडाली म्हणालात ना, भाऊजी," ते मला म्हणाले, "तेव्हा मला बोलवेना इतकं हसू येत होतं. वर्षभरात पहिल्यांदा हत्यारं बाहेर काढली. म्हटलं, नवी करून देऊ, नीट." त्यांनी पिशवी उघडली. आत रंधा, पटाश्या, करवत, नव्या बिजागऱ्या. "तुमच्यापैकी कोणी एकदा नुसतं म्हणालं असतं ना, 'दादा, ही चिमटते', तर मी दुसऱ्या दिवशी रंधा घेऊन आलो असतो."

इतकी वर्षं आम्ही दोघं नवराबायको सभ्यपणाने वागलो आणि त्या सभ्यपणाने या माणसाला घराबाहेर ठेवलं.

तेवढ्यात काकू आल्या, मागून हवामानखातं आणि दूधवाला सर्वोपयोगी घेऊन. काकूंनी दादांना सांगितलं की आपल्यालाही अशी एक हवी, पण टेबल नको, पलंग नको, नुसती शिडी. शिंप्याला टेबल हवं होतं, शिडी नको. हवामानखात्याला वाऱ्यात न हलणारी काहीही वस्तू चालणार होती.

"करतो की," दादा म्हणाले. त्यांचा चेहरा असा उजळला होता, की मी तिकडे बघतच राहिलो. "पण लाकूड?"

गल्ली एकमेकांकडे बघून हसली. लाकडाला काय तोटा. तासाभरात ज्याच्या त्याच्या फाटकाबाहेर गाडी गेल्यावर पुन्हा साठलेले ढीग आमच्या अंगणात यायला लागले. खोडं, तुळया, दाराच्या चौकटी. जाड बाजू रस्त्याकडे करून, हे वेगळं सांगायला नको. मुकादमाला बातमी लागली. त्याला ओझं लांब टाकायला न्यायचंच होतं, त्याने मोठ्या रस्त्यावरचं अख्खं झाड तुकडे करून आमच्या कुंपणाच्या आत उतरवलं आणि वर मला म्हणाला, "साहेब, मोडलेलं चालतं ना तुम्हाला?" वादळाने जेवढं आणून टाकलं होतं त्याच्या तिप्पट सामान आता मी झाडलेल्या अंगणात होतं. फाटक बंद होत नव्हतं. खराटा कुठे गाडला गेला ते आजतागायत कळलेलं नाही.

या सगळ्या पसाऱ्याच्या मधोमध दादांनी सर्वोपयोगी आडवी पाडून तिच्या बिजागऱ्या काढल्या, नव्या बसवल्या, कडा तासल्या. गल्ली गोल करून बघत होती. दादा सांगतील ते मी धरत होतो. शेवटी त्यांनी ती उभी केली, हाताने पुसली आणि मला म्हणाले, "बसा, भाऊजी."

मी बसलो. दादा माझ्या तोंडाकडे बघत होते. मी जरा डावीकडे झुकलो, जरा उजवीकडे झुकलो, आणि उजवीकडे, अगदी पूर्वीच्याच जागी, तिने मला कडकडून चिमटा काढला. माझ्या ओठांवर 'वा' आला होता. मी तो गिळला.

"दादा," मी सगळ्यांदेखत म्हणालो, "चिमटते."

"कुठे?"

"उजवीकडे. आणि चांगलीच."

"अस्सं," दादा म्हणाले, आणि आनंदाने त्यांनी शर्टाच्या बाह्या वर सारल्या. "मग आज काही माझं परत जाणं होत नाही."

बायको त्यांचं अंथरूण काढायला आत गेली. मी चिमट्यातून सुटायची वाट बघत बसून राहिलो.